मदत हवी आहे : बिबट्याला अन्नसाखळीत कुठे बसवायचं?

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अन्नसाखळीचा तक्ता करायचाय. गवत–हरीण–वाघ सगळेच करतात, म्हणून तिने जुन्नर-अकोले भागातल्या उसातला बिबट्या घेतला. कल्पना मलाही आवडली, पण आता दोघीही अडकलोय.

अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यात त्याचं बहुतेक खाणं पाळीव जनावरांचं निघालं आणि वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा! ऊस नुसता लपायला, पिल्लं वाढवायला. म्हणजे साखळी उसापासून सुरू करता येत नाही. मग बाजरी, माणसाची उरलेली भाकरी, कुत्रा, बिबट्या असं दाखवायचं का? पण कुत्रा उकिरड्यावरचं मांसही खातो, त्याला नक्की कोणत्या पातळीवर ठेवू?

दुसरं म्हणजे, शेळी खाल्ली की बिबट्या द्वितीयक भक्षक (म्हणजे शाकाहारी प्राण्याला खाणारा), मांस खाल्लेला कुत्रा खाल्ला की एक पायरी वर. वर चढताना साधारण १० टक्केच ऊर्जा पुढे जाते, हे तिला पाठ आहे. त्यामुळे ती विचारते, एकच प्राणी ऊर्जेच्या मनोऱ्यात (खाली वनस्पती, वर एकेका मजल्यावर त्यांना खाणारे) दोन मजल्यांवर कसा काढायचा? मला वाटतं मनोरा सोडून सरळ अन्नजाळंच, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अनेक साखळ्या, काढावं. बाईंना मात्र मनोराच हवाय.

कुणी जीवशास्त्र शिकवत असेल किंवा वनखात्यात असेल तर सांगा ना. तक्ता सोमवारी द्यायचाय. आणि हो, मेलेली जनावरं खाणारे तरस, गिधाडं या चित्रात कुठे येतील?