शब्द ओळखीचा, अर्थ भलताच: तुमचे किस्से सांगा (अनुभव धागा)

शिवाजी पेठेतून (धागाकर्ता)

मुलाच्या ऑफिसातला लखनौचा एक मित्र गेल्या महिन्यात कोल्हापूर बघायला आला होता. पेठेतून हिंडताना दर दोन गल्ल्यांनी पाटी दिसली की थांबायचा. शेवटी म्हणाला, "अंकल, आपके यहाँ तो हर गली में तालीम है! लोग बड़े पढ़े-लिखे होंगे." मी क्षणभर छाती फुगवून घेतली, मग त्याला आत नेलं. लाल माती, दोर, घामानं निथळणारी, कान मोडलेली पोरं. बिचारा वह्या-पुस्तकं शोधत होता.

मूळ अरबी 'तालीम' म्हणजे शिकवणं, आणि हिंदी-उर्दूत ते तसंच राहिलं. गांधीजींनी १९३७ साली मांडलेली 'नई तालीम' तीच. मराठीत नाटकाची तालीम म्हणजे सराव. आमच्याकडं ती आखाड्यात शिरली, आणि तिथून थेट फुटबॉलच्या मैदानात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम हे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा कुस्ती कुठं आहे, असं कोणी विचारत नाही. (प्रेक्षकांत कधी कधी असते.)

तुमच्या बाबतीत असं काही घडलंय का? पुस्तकातली उदाहरणं नकोत. हिंदीतली 'शिक्षा' आणि 'खाली' सगळ्यांना पाठ आहेत. स्वतःचं सांगा.

हुपरीहून

आमचा चांदीचा धंदा. नवीन नवीन होतो तेव्हा राजकोटच्या शेठजींचा फोन आला. पहिलंच वाक्य, "नवरा छो?" मी म्हटलं, "व्हय, दोन वर्सं झाली." पलीकडं शांतता. गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. ते फक्त 'मोकळे आहात का' विचारत होते. घरी बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग फरक काय पडला?"

खानावळवाले

आमच्या पाटीवर 'तांबडा-पांढरा रस्सा' लिवलंय. कानपूरचा एक ट्रकवाला आत आला अन् म्हणला, "भैया, ये सफेद रस्सा कितने मीटर का आता है?" म्हटलं, वाटीनं येतो, भाकरी बुडवून बघ. हिंदीत रस्सा म्हंजे दोरखंड, हे तवा कळलं. गडी चार वाट्या पिऊन गेला.

धागाकर्ता

@खानावळवाले, यातली गंमत अशी की हे दोन रस्से एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. दोरखंडवाला संस्कृत 'रश्मि'मधून आला. रश्मि म्हणजे किरण, तसाच लगामही. आपला रस्सा 'रस'मधून. चेहरा सारखा, गोत्र वेगळं. 'वहाण' आणि 'वाहन' यांचंही तेच: पायातली वहाण 'उपानह'ची, वाहन 'वह्' धातूचं. उच्चार जुळला की नातं जोडायची आपल्याला फार घाई असते. तालमीचं उलट आहे. तिथं शब्द खरोखर एकच, फक्त गावोगावी वेगळा धंदा करतो.

राजारामपुरीतून, एक वकील

उत्तर प्रदेशातला एक ड्रायव्हर अपघाताच्या केसमध्ये माझ्याकडे आला. सारखा एकच धोशा, "साहब, राजीनामा करवा दीजिए." मी त्याला समजावतोय की, अरे बाबा, नोकरी सोडून केस मिटत नाही. तो म्हणतोय, नोकरी का सोडू? अर्धा तास गेला. हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. शब्द फोडला तर त्याचंच बरोबर वाटतं: 'राजी' असल्याचा 'नामा', म्हणजे संमतीचा कागद. आपल्याकडच्या जुन्या फेरफारांत मात्र 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडी सापडते. एकानं राजीखुशीनं जमीन सोडली, दुसऱ्यानं ती पत्करली. जमीन सोडण्यावरून शब्द खुर्ची सोडण्यावर गेला असावा, हा आपला माझा अंदाज.

सध्या जर्मनीतून, मूळ गाव कागल

हॉटेलात कामाला लागलो. पहिल्या दिवशी सांगितलं, "शेफना भेट." मी सरळ स्वयंपाकघरात. जर्मनमध्ये शेफ म्हणजे साहेब, ते वर ऑफिसात वाट बघत बसलेले. आणि हो, इकडं 'गिफ्ट' म्हणजे विष. इंग्रजी गिफ्टचं सख्खं भावंड, दोन्ही 'देणे' या अर्थाच्या शब्दातून आलेली. काय दिलं, एवढाच प्रश्न.

गाणं शिकणारी

धागाकर्ते, तुमची तालीम अर्धीच सांगून झाली. आमच्यात 'अमक्या घराण्याची तालीम' म्हणतात आणि ती गुरूसमोर बसून घ्यायची असते. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते. म्हणजे एकाच गावात दरबारी 'उस्ताद' आणि मातीतले 'वस्ताद', शब्द एकच, आणि दोघंही तालीमच देत होते. तुमच्या लखनौच्या पाहुण्याला देवल क्लबात, म्हणजे इथल्या गाण्याच्या संस्थेत, न्यायला हवं होतं.

धागाकर्ता

चुकलंच. पुढच्या खेपेला.

माहेर कसबा बावडा, सासर संकेश्वर

माझ्या लग्नातली गोष्ट. बावड्यात मांडव, पंगत बसलेली, जिलेबी अजून यायची होती. वडील वाकून वाकून प्रत्येकाला विचारत होते. माझ्या आजेसासऱ्यांना विचारलं, "जेवण कसं झालंय, पाव्हणं?" ते म्हणाले, "ऊटा भाळ छलो ऐती."

वडिलांनी ऐकलं, 'उठा, चलो.' तोंडचं पाणीच पळालं. पाव्हणी रुसून उठायला लागली असं वाटून त्यांनी हात जोडले, "काय चुकलं असंल तर पदरात घ्या." आजेसासऱ्यांना वाटलं ह्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनीपण हात जोडले आणि तेच दुप्पट आवाजात म्हणाले. आता सगळी पंगत ऐकत होती. दोन-चार जण खरंच पानावरनं उठले. मी पाटावर नुसता बघत बसलो (आम्ही बावड्याच्या बायका असंच बोलतो, हसू नका).

शेवटी बेळगावला उसाची गाडी नेणारा चुलतभाऊ वाढपी म्हणून हातात बादली घेऊन आला, त्यानं सोडवलं. कन्नडात 'ऊट' म्हणजे जेवण, 'भाळ' म्हणजे फार, आणि तिकडच्या बोलीत 'छलो' म्हणजे छान. ते बिचारे आचाऱ्याचं कौतुक करत होते.

आता सासरी जेवण चांगलं झालं की मामंजी मुद्दाम मराठी वळणानं "उठा, चलो" म्हणतात. माझा धाकटा चार वर्षांचा आहे. तो खरंच उठतो आणि हात धुवायला पळतो.