पूर्वग्रह म्हणे घरात शिकवले जातात!

खवट: काल एक पोस्ट वाचली: "मूल म्हणजे कोरी पाटी. आईबापांनी तोंड सांभाळलं तर एका पिढीत पूर्वग्रह संपतील." खाली बदाम आणि टाळ्यांचा पाऊस. तिथे लिहिलं तर भांडखोर ठरतो, म्हणून इथे लिहितोय.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलने १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या शाळकरी मुलांचे गट पाडले. सांगायला कारण हे, की कुणाला क्लेची चित्रं आवडली, कुणाला कँडिन्स्कीची. प्रत्यक्षात वाटणी आंधळेपणाने केली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. पैसे दुसऱ्यांना वाटायचे होते, स्वतःला एक छदामही देता येत नव्हता. तरी पोरांनी आपल्या गटाकडे झुकतं माप टाकलं. वर कहर म्हणजे, आपल्यांना थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असा कल दिसला. क्लेवाल्यांचा द्वेष कुठल्या आईने शिकवला होता?

साधीसुधी: आलात का आयांवर! आपल्यांना झुकतं माप देणं वेगळं आणि दुसऱ्याला नीच समजणं वेगळं. शिवाय क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग विसरलात? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली. 'आपला गट' तेव्हा कुठे गेला होता? तीन ते सात वर्षांची लेकरं ती, कुठून तरी शिकलीच ना!

खवट: बरं बाई, शिकली. पण त्यांच्या घरात कुणी त्यांना 'तू वाईट' म्हणून शिकवत बसलं असेल का? बाहेर कुणाला मान मिळतो ते पोरांना दिसतं. मी तेच म्हणतोय, तुम्ही फक्त चिडून म्हणताय.

उंटावरचा: मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफचा प्रयोग राहिला की! १९५४, अमेरिकेत ओक्लाहोमातलं शिबिर, २२ मुलं, दोन गट: ईगल्स विरुद्ध रॅटलर्स. बक्षीस एकाच गटाला म्हटल्यावर झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. पण सगळे सोयीस्करपणे गाळतात ती गंमत आदल्या वर्षीची. १९५३च्या शिबिरात मुलांची आधी मैत्री होऊ दिली आणि मग गट पाडले. भांडणं पेटेनात! उलट मुलांना शिबिरातल्या मोठ्यांचाच संशय आला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. म्हणून पुढच्या खेपेला दोन्ही गट सुरुवातीपासून वेगळे ठेवले. म्हणजे भांडण कुणाचं आणि लावलं कुणी?

त्रस्त_कारकून: अगदी! आमच्याकडे दोन विभाग एकत्र केले आणि बढतीची जागा ठेवली एक. महिनाभरात 'ते लोक आळशी', 'ते लोक चुगलखोर'. आधी एका टेबलावर डबा खाणारी माणसं! वर पूर्वग्रह घालवायचं प्रशिक्षणही आम्हालाच, तेही रविवारी. जागा एकच ठेवणाऱ्याला नाही.

साधीसुधी: धागा कुठलाही असो, तुमची बढती येतेच.

त्रस्त_कारकून: तुमची अडली नसेल म्हणून सुचतंय. रविवार गेला की कळेल.

उंटावरचा: रविवारची भरपाई सुट्टी तरी दिली का?

त्रस्त_कारकून: भरपाई? हजेरी लावली नाही म्हणून मेमो आला! आणि तो लिहिणारा कुठल्या विभागातला, ओळखा.

खवट: बघा, 'त्या लोकांतला'. प्रशिक्षण वाया गेलं.

त्रस्त_कारकून: हसा. तुम्हाला पुस्तकातली पोरं दिसतात, आम्हाला रोज तोंडं बघावी लागतात.

मध्यममार्गी: भांडू नका. एकमेकांत मिसळलं की पूर्वग्रह कमी होतो, हे पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून दाखवलंय.

साधीसुधी: सरासरीने होत असेल. वसतिगृहात माझी खोलीतली मैत्रीण तीन वर्षं माझ्या ताटात जेवली. शेवटच्या दिवशी कौतुकाने म्हणाली, "तू तुमच्या लोकांसारखी नाहीस गं." मी अपवाद झाले, माझे लोक होते तिथेच राहिले. तुमच्या पाचशे अभ्यासांत ही कुठल्या रकान्यात टाकली असती? 'पूर्वग्रह कमी झाला' असंच ना?

मध्यममार्गी: त्यासाठीच मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने मिसळण्याला अटी घातल्या होत्या: बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, सहकार्य, वरच्यांचा पाठिंबा.

त्रस्त_कारकून: वरच्यांचा पाठिंबा! हे आमच्या साहेबांना पाठवतो. मेमोच्या उत्तरात.

खवट: साधीसुधी, वसतिगृहाचा मुद्दा मान्य. आयांचा अजून नाही.