नैराश्यावरची गोळी सुरू करून बारा दिवस झाले. बेचैनी वाढली आहे, गोळी थांबवावी का?

प्रश्न

नमस्कार. माझे वय 34 आहे. गेले पाच महिने झोप उडाली होती, कामात लक्ष लागत नव्हते आणि एरवी ज्यात जीव रमायचा, त्या गोष्टींकडे पाहावेसेही वाटत नव्हते. अखेर मनोविकारतज्ज्ञांना भेटले. त्यांनी एस्सिटॅलोप्रॅम पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम आणि नंतर 10 मिलिग्रॅम, रात्री झोपताना घेण्यास सांगितले. आज बारावा दिवस आहे. मळमळते, हात किंचित थरथरतात, मध्यरात्री जाग येते आणि औषधापूर्वी कधी नव्हती अशी बेचैनी दिवसभर राहते. मन मात्र होते तिथेच आहे.

घरातील वडीलधारे म्हणतात की या गोळ्यांची सवय लागते आणि एकदा सुरू केल्या की त्या सुटत नाहीत. पुढची भेट दोन आठवड्यांनी आहे. तोवर गोळी बंद करावी, दिवसाआड घ्यावी की तशीच चालू ठेवावी? पाठदुखीसाठी मी अधूनमधून आयबुप्रोफेन घेते, तेही सोबत चालते का, हे कळले तर बरे होईल.

पहिला प्रतिसाद

ताई, तुमचा प्रश्न वाचताना मला माझेच पहिले तीन आठवडे आठवले. मी याच गटातील सर्ट्रालिन हे औषध सुमारे दोन वर्षे घेतले. सुरुवातीला मळमळ आणि डोकेदुखी इतकी होती की औषधाने आजारात भरच घातली असे वाटे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती ओसरली. मनाला उभारी मात्र पाचव्या आठवड्यात जाणवली, आणि तीसुद्धा मला स्वतःला नव्हे, आधी माझ्या पत्नीला. मी पुन्हा वर्तमानपत्र पूर्ण वाचू लागलो आहे, हे तिच्या लक्षात आले.

माझी खरी चूक पुढे झाली. चौथ्या महिन्यात बरे वाटले म्हणून कोणालाही न विचारता मी गोळी एकाएकी बंद केली. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊ लागली, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई, स्वप्ने भयंकर पडत आणि क्षुल्लक कारणावरून रडू येई. आजार उलटला असे मी धरून चाललो. डॉक्टरांनी समजावले की औषध थांबवल्यावर काही दिवसांतच, शरीराच्या अशा नव्या तक्रारींसह जे सुरू होते, ते बहुधा औषध अचानक तुटल्यामुळे होते. आजार परततो तो सहसा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, हळूहळू आणि जुन्याच लक्षणांनी. गोळी पुन्हा सुरू केली आणि तक्रारी दोन-तीन दिवसांत निवळल्या. पुढे पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही बरेच महिने औषध चालू ठेवले आणि मग पाच महिने घेऊन ते उतरवत आणले.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. लैंगिक इच्छा कमी होणे हा या औषधांचा नेहमीचा परिणाम आहे आणि तो मळमळीसारखा आपोआप जाईलच असे नाही. मी तो सात महिने लपवला. सांगितल्यावर डोस बदलून वाट निघाली.

दुसरा प्रतिसाद

मी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले आहे आणि याच क्षेत्रात काम करतो. तुम्हाला तपासणारे डॉक्टर जे पाहू शकतात ते मी पाहू शकत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

मेंदूतील पेशी सेरोटोनिन हे निरोप पोहोचवणारे रसायन बाहेर सोडतात आणि पुन्हा आत ओढून घेतात. तुमचे औषध हे आत ओढणे रोखते आणि ते काम काही तासांतच सुरू होते. आतडी आणि झोप यांच्यावरील परिणाम त्यामुळे लगेच दिसतात. मनःस्थिती सुधारण्यासाठी मात्र मेंदूतील ग्राहींना (सेरोटोनिनचा निरोप टिपणाऱ्या जागांना) या बदलाशी जुळवून घ्यावे लागते आणि त्यात काही आठवडे जातात. सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले, हे स्पष्टीकरण फार ढोबळ आहे. पण तेवढ्यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही. 2018 साली 522 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या माणसांना दिली जाणारी 21 औषधे तपासली गेली आणि ती सर्व औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली, जरी सरासरी फरक मध्यमच होता. एखाद्याला एक औषध लागू पडत नाही आणि दुसरे पडते, हे आम्ही नेहमी पाहतो.

दिवसाआड गोळी घेऊ नये. एस्सिटॅलोप्रॅमचे रक्तातील प्रमाण साधारण तीस तासांत निम्मे होते, त्यामुळे दिवसाआडच्या गोळीने ते सतत वरखाली होत राहते. एखादी गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

सवयीबद्दल बोलायचे तर, या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही. शरीर मात्र त्यांना सरावते आणि म्हणून त्या अचानक तोडायच्या नसतात. लहानशा डोसानेही सेरोटोनिन ओढणाऱ्या जागांपैकी बऱ्याच जागा अडवल्या जातात; त्यामुळे 20 वरून 10 वर येणे सोपे जाते आणि शेवटचे काही मिलिग्रॅम सोडणे अवघड होते. अखेरच्या टप्प्यात सर्वांत सावकाश उतरायचे असते, ते याचसाठी.

आयबुप्रोफेनचे म्हणाल, तर या गटातील औषधे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबाणूंवर परिणाम करतात आणि अशी वेदनाशामके सोबत घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी यांच्याबाबत अधिक सावध राहावे, कारण त्यांच्यामुळे सेरोटोनिन घातक पातळीला जाऊ शकते. ताप, खूप घाम, स्नायू ताठरणे वा फडफडणे आणि भ्रम ही लक्षणे एकत्र दिसली तर थेट रुग्णालय गाठावे.

आता बेचैनीविषयी. ती साधी हुरहुर असेल तर बहुतेक वेळा ओसरते. पण एका जागी बसवत नसेल, आत्महत्येचे विचार आले वा वाढले, किंवा उलट झोप न घेताही उत्साह उतू जात असेल आणि विचार धावत असतील, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत असे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 साली मुलांसाठी आणि 2007 साली 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ठळक इशारा सक्तीचा केला. तुमचे वय अधिक असले, तरी बेचैनी औषधानंतरची आहे, तेव्हा आजच दूरध्वनी करावा असे मला वाटते.

तिसरा प्रतिसाद

वृद्धांसाठी एक भर घालते. माझ्या वडिलांना वयाच्या 72 व्या वर्षी याच गटातील औषध सुरू झाले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून होती. तीन आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखे बोलू लागले आणि चालताना तोल जाऊ लागला. आम्ही ते वयावर घातले. रक्ततपासणीत या दोन गोळ्यांमुळे सोडियम हा क्षार खूप घटलेला आढळला. औषध बदलल्यावर ते सावरले, पण डॉक्टरांना आधीच्या सर्व गोळ्यांची नावे आम्ही सांगितली असती तर तपासणी पहिल्याच आठवड्यात झाली असती.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल दूरध्वनी केला. एका जागी बसवते का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे डॉक्टरांनी नीट विचारले. असे विचार येत नाहीत, हे मी सांगितले. एक आठवडा पुन्हा 5 मिलिग्रॅमवर येऊन गोळी रात्रीऐवजी सकाळी न्याहारीनंतर घेण्यास त्यांनी सांगितले आहे. पाठीसाठी पॅरासिटामॉल चालेल. भेट पुढच्या सोमवारी ठरली आहे. तोवर झोपेचे तास आणि बेचैनीची वेळ मी रोज वहीत लिहिणार आहे, आणि आईलाही सोबत नेणार आहे, कारण सवयीबद्दलची भीती माझ्याहून तिलाच अधिक आहे.