भोवऱ्यांत आघात तरंग विरतो, हे अर्धंच खरं

गोदाकाठ (नांदेड): औंढा नागनाथच्या लायगो (अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या) प्रकल्पावरून आमच्या गटात बोलणं ताऱ्यांच्या स्फोटापर्यंत गेलं. एकानं ठासून सांगितलं, "वायू आधीच खवळलेला असला की स्फोटाचा आघात तरंग त्यात विरतो." मला हे पटत नाही. आघात तरंग म्हणजे दाबाची धावती भिंत. साध्या हवेत जोरदार तरंगाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. वाटेत विरळ-दाट वायू आला की ही भिंत वाकते, दाट ढगापाशी मागे रेंगाळते, बाजूच्या विरळ जागेतून पुढे निघते. आणि तिच्या तडाख्यातून गेलेले भोवरे उलट बळावतात! ज्यांचा आस भिंतीला समांतर असतो, ते तर दाबले गेल्यामुळे अधिकच जोरात फिरतात. विरणं कुठे आहे यात?

सुरुंगवाला (अंबड): मी वीस वर्षं विहिरींचे सुरुंग घेतोय. सलग काळा पाषाण असला की खडक चांगला मोकळा होतो. मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) लागला, आडव्या भेगा आल्या, की जोर भेगेतून निघून जातो, दगड तसाच. माध्यम असमान असलं की धक्का मार खातो, हे मी रोज बघतो. पुस्तकात काहीही असू द्या.

लातूरकर_भौतिकी: दादा, तुमचा अनुभव खोटा नाही, पण खडकात भोवरे नसतात. तिथे तरंग भेगेवरून परततो, विखुरतो, आणि सुरुंगाचा वायू फटीतून निसटतो. संक्षोभ, म्हणजे भोवऱ्यांनी खवळलेला प्रवाह, ही वाहत्या पदार्थाची गोष्ट, ती यात मिसळू नका.
गोदाकाठ, तुमच्याशीही माझं भांडण आहे. तरंग दुबळा आणि संक्षोभ प्रबळ असेल तर भिंत नुसती वाकत नाही, जागोजागी तुटते, तिथे दाब एकदम न चढता हळूहळू चढतो. ध्वनीहून वेगवान विमानाचा गडगडाट घ्या. जवळजवळ ठेवलेल्या मायक्रोफोनांत एकाच उड्डाणाचा धक्का कुठे टोकदार नोंदवला जातो, कुठे बोथट. जमिनीलगतच्या खवळलेल्या हवेचा हा प्रताप.

गोदाकाठ: तुटण्याचं मान्य, तो मुद्दा माझ्याकडून मांडायचा राहिलाच होता. पण तुमच्याच उदाहरणात काही ठिकाणी धक्का टोकदार झाला, म्हणजे तिथे जोर वाढला. सरासरी काढली की भिंत जाड दिसते, कारण ती मागे-पुढे डोलते. जागेवर पाहा, बहुतेक ठिकाणी ती पातळच असते. माझा राग त्या सरासरीवर आहे.
आणि हे नुसतं ताऱ्यांचं नाही. दोन वेगळ्या घनतेच्या थरांमधली सीमा जराशी खडबडीत असली, तरी तरंग गेल्यावर तो खडबडीतपणा वाढत जातो. रिच्टमायर यांनी 1960 मध्ये हे गणितानं मांडलं, मेश्कोव यांनी 1969 मध्ये प्रयोगानं दाखवलं. लेझरनं इंधनाची बारीक गोळी दाबून अणुसंमीलन (हलक्या अणूंची केंद्रकं जुळून ऊर्जा निघणं) घडवणाऱ्यांना याचाच घोर असतो. गोळीच्या कवचातला सूक्ष्म दोष वाढून कवचाचा मालमसाला इंधनात मिसळतो आणि इंधन थंड पडतं. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये 2.05 मेगाजूल लेझर-ऊर्जेतून 3.15 मेगाजूल मिळाले, ते हे मिसळणं आवरल्याशिवाय कसं झालं असतं?

सुरुंगवाला (अंबड): भोवऱ्यांचं समजलं. पण मग भेगेत हवेऐवजी पाणी असेल तर? पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचं बांधकाम जास्त हादरतं. म्हणून तिथं मी स्फोटकांचे तोटे कमीच भरतो.

लातूरकर_भौतिकी: बरोबर करता. हवेच्या फटीवरून तरंग जवळजवळ सगळाच मागे फिरतो. पाण्यातून त्याचा बराच भाग पलीकडे पोचतो.