फ्लोरा फाउंटन : थांबून पाहिलेले कारंजे

मुंबईच्या फोर्ट भागात रोज ये-जा करणाऱ्यांना फ्लोरा फाउंटन ठाऊक असते ते भेटण्याची खूण म्हणून. कारंजे म्हणून ते किती जणांनी निरखले असेल, याची शंकाच आहे. किल्ल्याचा तट पाडल्यावर, जिथे पूर्वी चर्चगेट हा दरवाजा होता त्या परिसरात १८६४ मध्ये उभारलेले हे कारंजे मुळात भायखळ्याच्या बागेसाठी, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी योजले होते. तिथे गेले असते तर लोकांनी ते सवडीने पाहिले असते. भर चौकात आल्यामुळे त्याला वळसा घालून पुढे जाण्याचीच सवय शहराला लागली. ज्यांनी ते मुद्दाम थांबून पाहिले, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. धावत्या बसच्या खिडकीतून झालेले दर्शन मात्र कृपया नको.

निवृत्त बँक कर्मचारी

माझी बहुतेक नोकरी याच परिसरात झाली. त्या काळात तार कार्यालयाच्या बाजूच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग असत आणि जेवणाच्या सुट्टीत आमची पावले तिकडेच वळत, त्यामुळे समोरच्या कारंज्याकडे नेहमी पाठच असे. पुढे तर ते कित्येक वर्षे कोरडेच होते आणि दगडावर पांढऱ्या रंगाचे थर चढवलेले होते, त्यामुळे मूर्तींचे नाकडोळे बुजून गेले होते. २०१९ च्या जानेवारीत दुरुस्ती पूर्ण होऊन पाणी पुन्हा सुरू झाल्याचे वाचले आणि पत्नीसह मुद्दाम गेलो. रंग उतरवल्यावर खालून निघालेला दगड शुभ्र नाही. दुधावरच्या सायीसारखा, किंचित पिवळसर आहे. एवढी वर्षे ज्याला आम्ही पांढरे कारंजे म्हणत होतो, ते पांढरे नव्हतेच. दुरुस्तीच्या काळात खोदकामात ट्रामचे जुने रूळही सापडले होते. मुंबईतील शेवटची ट्राम १९६४ मध्ये धावली. वडील मला तिच्यात बसवून नेत, एवढेच अंधूक आठवते.

वास्तुकलेची विद्यार्थिनी

आमच्या वर्गाला येथे रेखाटनासाठी आणले होते. रचना रिचर्ड नॉर्मन शॉ यांची आणि शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे, एवढी माहिती सगळीकडे मिळते. मला गुंतवून ठेवले ते दगडाने. आजूबाजूच्या अनेक इमारती मालाडच्या पिवळसर किंवा इथल्या काळ्या दगडाच्या आहेत, आणि मधोमध हा इंग्लंडहून आलेला पोर्टलंड चुनखडक. चुनखडक सच्छिद्र असतो. त्यावर तैलरंग फासला की आत मुरलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि पृष्ठभाग आतून सुटू लागतो, त्यामुळे शोभेसाठी दिलेला रंगच मूर्तीच्या मुळावर येतो. माथ्यावर पुष्पदेवता फ्लोरा उभी आहे, हे कोणीही सांगेल, पण तिच्याकडे पाहण्याच्या नादात खालच्या भागातील मासे आणि शिंपले निसटतात. कठड्यामुळे जवळ जाता येत नाही; शक्य असल्यास दुर्बीण न्यावी. वस्त्रांच्या चुण्या काही ठिकाणी धारदार, तर काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेल्या दिसतात, आणि हा फरक छायाचित्रात सहसा येत नाही.

संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील एका कार्यकर्त्याचा मुलगा

आमच्या घरी ‘फ्लोरा फाउंटन’ हे नाव उच्चारले की पुढचे वाक्य कारंज्याविषयी कधीच नसे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे मोर्च्यावर गोळीबार झाला. त्या काळातील हौतात्म्यांमुळेच हा हुतात्मा चौक झाला आणि कारंज्याच्या शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी व कामगाराचे स्मारक उभे राहिले. १ मे रोजी वडिलांबरोबर मी तिथे जात असे. आता मुलीला नेतो. पर्यटकांचे गट स्मारकाकडे पाठ करून रोमन देवतेची छायाचित्रे काढतात, तेव्हा मला राग येतो, हे स्पष्टच लिहितो. कारंजे सुंदर आहे, याबद्दल माझे दुमत नाही; परंतु स्मारकासमोर दोन मिनिटे उभे न राहता केलेली या चौकाची भेट मला अर्धवट वाटते.

वरळीची एक वाचक

वरील अनुभवाला एक पुरवणी. आता भुयारी मेट्रोने आचार्य अत्रे चौकात बसून थेट हुतात्मा चौकात उतरता येते. संयुक्त महाराष्ट्रासाठी अत्र्यांनी गाजवलेल्या सभा ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना ही स्थानकांची नावे ऐकताना गंमत वाटेल.

पुण्याहून आलेले एक दांपत्य

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी बंद होते. खास कारंजे पाहायला आलेल्या माणसाचा विरस व्हायचा तो झालाच, पण वर विद्यार्थिनीने लिहिलेले मासे आणि शिंपले आम्हाला स्वच्छ दिसले, ते बहुधा त्यामुळेच. पाणी वाहत असताना ओला दगड चकाकतो आणि कोरीव रेषा हरवतात. ज्यांना शिल्पकाम पाहायचे आहे, त्यांनी पाणी बंद दिसले म्हणून लगेच परत फिरू नये.