मदत हवी आहे: डीएनसीवर मोठा प्रोग्राम मध्येच तुटला तर परत कुठून उचलायचा?

नमस्कार मंडळी,

मरोळला छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) जुना, त्याचा कंट्रोल फानुक झिरोआय-एमसी. मोल्डच्या कॅव्हिटीचा (साच्यातल्या खळग्याचा) फिनिशिंग प्रोग्राम ३ एमबीचा, मेमरीत मावत नाही. म्हणून लॅपटॉपवरून आरएस-२३२ केबलने डीएनसी, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने मशीनला पाठवत चालवणं; पाठवण्याचा वेग ९६०० बॉड. ६ मिमी बॉलनोज (गोल टोकाचा कटर), फीड म्हणजे कापताना सरकण्याचा वेग मिनिटाला १५०० मिमी.

टेबल अडखळत चालतं. स्पिंडल फिरतोय, टेबल क्षणभर थांबतं, परत सरकतं, आणि थांबेल तिथे जॉबवर बारीक डाग. पॉलिशवाला रोज ऐकवतो. वर अधूनमधून ०८७ अलार्म येऊन सगळंच बंद.

रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणतो, "तुटली त्या ओळीपासून फाइल कापून सोडू." मला हे पटत नाही. त्या ओळीत नुसतं एक्स४५.२१२ असतं. वाय, झेड, फीड, टूल ऑफसेट (टूलच्या लांबीची दुरुस्ती) सगळं वरच्या ओळींत. कटर कुठून कुठे जाईल?

टूलरूमवाला: दादा, तुमची शंका रास्त आहे, तसं अजिबात सोडू नका. आधी अडखळण्याचं बघू. ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९०० अक्षरं येतात. ओळ २० अक्षरांची धरली तर ४५ ओळी. कॅमने (प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ०.१ मिमीवर पॉइंट टाकले असतील तर मिनिटाला २७० मिमी. तुम्ही मागताय १५००! बॉड दोन्हीकडे १९२०० करून फार तर दुप्पट होईल. त्यापेक्षा स्क्रीनशेजारच्या स्लॉटमध्ये अडॅप्टर घालून मेमरी कार्डवरून चालवा. त्यासाठी कंट्रोलचा पॅरामीटर २० ला ४, १३८ चा बिट ७ ला १. चालू असताना कार्डाला हात नको. ०८७ म्हणजे बफर (कंट्रोलची तात्पुरती साठवण) भरून वाहतोय, लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सऑन-एक्सऑफ (पाठवणं सुरू कर, थांबव असे कंट्रोलचे इशारे) चालू आहे का ते बघा.

घाटकोपरकर: कॅममध्येच प्रोग्रामचे भाग पाडा, प्रत्येकाची सुरुवात पूर्ण हवी: जी९० जी४० जी४९ जी८० (मोजमाप शून्यापासून, जुने ऑफसेट आणि सायकल रद्द), जी५४ (जॉबचं शून्य), स्पिंडल, एक्स-वाय, मग जी४३ ने (टूल लांबीचा ऑफसेट लावून) सेफ झेड. तुटलं तर तो भाग पहिल्यापासून. हवेत थोडा वेळ जातो, जाऊ दे. खाली उतरताना सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ), रॅपिड (न कापता जलद सरकणं) २५ टक्के, डोळा 'डिस्टन्स टू गो'वर (अजून किती जायचंय त्या आकड्यावर). तो आकडा आणि कटर-जॉबमधलं अंतर जुळत नसेल तर तिथेच थांबवायचं.

मूळ धागाकर्ता: दोघांचे आभार. एक्सऑन बंदच होतं! कार्ड लॅमिंग्टन रोडवरून आणतो. भाग झेड लेव्हलने पाडू की एरियाने? जोडावर रेघ उमटायची भीती वाटते.

घाटकोपरकर: एरियाने, आणि जोड कोपऱ्यातल्या रेडियसवर घ्या. सपाट भिंतीवर नको.