मदत हवी आहे: जुना व्हॅक्यूम क्लीनर ठिणग्या मारतोय, दिवाळीआधी चालू करायचाय

अमळनेरचा_अण्णा
नमस्कार मंडळी. भुसावळला रेल्वेच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं, त्यात हा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला. लांबट, पत्र्याचं नळकांडं, खाली दोन पट्ट्यांवर सरकतो. भंगारवाल्याने किलोच्या भावाने दिला. घरी आणून लावला तर मस्त चालला. आता आतून ठिणग्या, जळका वास आणि ओढ अजिबात नाही. इथला मिस्त्री म्हणतो फेका आणि नवा घ्या. मी फेकणार नाही. दिवाळी तोंडावर आहे, काय करू ते सरळ सांगा. 'नवा घ्या' म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावे.

तापीकाठ
फोटो? कंपनी? पाटीवर व्होल्ट किती? 'मस्त चालला' म्हणजे दोन मिनिटं की दोन दिवस? अमेरिकेतून आलेला ११० व्होल्टचा नग असेल आणि तुम्ही घरच्या २३० वर लावला असेल तर कुणाला काही विचारायची गरजच नाही.

अमळनेरचा_अण्णा
पाटीवर २२०-२३० आहे, एसी/डीसी दोन्ही. कंपनीचं नाव घासलं गेलंय. फोटो चढत नाहीये. व्होल्टेजचा प्रश्न नाही, पुढे बोला.

गिरणाकाठ
भो, इतली घाई कसाले? पहिले प्लग काढ, मंग बोलू.

इतिहासप्रेमी_जळगाव
आडवं नळकांडं आणि खाली पट्ट्या म्हणजे इलेक्ट्रोलक्सच्या १९२१ च्या 'मॉडेल व्ही'पासून चालत आलेली घडण. हूव्हरची जुनी यंत्रं उभी, दांड्याला लटकलेल्या पिशवीची. अर्थात पुढे सगळ्यांनीच नळकांडी काढली, त्यामुळे नुसत्या आकारावरून कंपनी ठरवू नये. मुळात १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी लंडनमध्ये केलेलं यंत्र घोडागाडीवर असायचं. गाडी रस्त्यात उभी आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात! सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले होते.

अमळनेरचा_अण्णा
बूथसाहेबांना नमस्कार. माझ्या मशिनीचं काय?

वायरमन_भुसावळ
एसी/डीसी लिहिलंय म्हणजे आत युनिव्हर्सल मोटर, कार्बनवाली, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे असलेली. मिक्सरमध्ये, ड्रिलमध्ये असते तीच जात. प्लग काढून पंखा हाताने फिरवून बघा, जड जातो का, घासल्याचा आवाज येतो का. मग कार्बन बाहेर काढून लांबी बघा. झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि ठिणग्या सुरू होतात.

अमळनेरचा_अण्णा
कार्बन तर बदललेलेच आहेत. मिस्त्रीने मिक्सरचे बसवले, जरा मोठे होते म्हणून कानशीने घासून. त्यानंतरच ठिणग्या वाढल्या.

तापीकाठ
हे तिसऱ्या प्रतिसादात सांगताय!

वायरमन_भुसावळ
वाढणारच. कार्बन होल्डरमध्ये सहज सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. कानशीने घासला की एक बाजू तिरकी होते, मग तो कधी अडकतो, कधी उडतो. शिवाय त्याचं टोक कम्युटेटरच्या, म्हणजे तो टेकतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या भागाच्या, गोलाईला बसायला हवं. कम्युटेटरवर बारीक काचपेपर गुंडाळा, खरखरीत बाजू कार्बनकडे, आणि हाताने फिरवा. टोकाला गोलाई आली की पूड फुंकून काढा. काळा एमरी पेपर अजिबात नको, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करू शकतात.

सुनंदा_धुळे
मी मागच्या वर्षी रोबो घेतला. आपोआप फिरतो, आपोआप चार्ज होतो. ह्यांनाही आता सवय झाली. एवढा त्रास कशाला घेता?

अमळनेरचा_अण्णा
ताई, पहिल्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचा.

सुनंदा_धुळे
वाचलं. तरी सांगितलं.

जुनं_ते_सोनं
अण्णा, माझं ऐका. रंग देऊ नका, पॉलिश करू नका, सुती वेष्टणाची मूळ वायर असेल तर कापू नका. संग्राहक मूळ वायरीवर जीव टाकतात. चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस यांचं घर आता संग्रहालय आहे, तिथल्या वस्तू बघून या म्हणजे जुनं जपायचं कसं ते कळेल.

वायरमन_भुसावळ
संग्राहक वायरीवर जीव टाकतात आणि वायर संग्राहकाचा जीव घेते. त्या वायरीतलं रबर कधीच कडक होऊन तडकलेलं असतं, वाकवलं की आतल्या आत तुकडे पडतात. जपायची तर गुंडाळून डब्यात ठेवा. मशीनला नवी तीन कोअर (तीन तारांची) वायर लावा, अर्थिंगची हिरवी तार पत्र्याला, स्क्रूखाली रंग खरवडून.

जुनं_ते_सोनं
पत्र्याला नवं भोक पाडलं की मूळपण गेलं. तुम्हा वायरमन लोकांना प्रत्येक गोष्टीत ड्रिलच दिसतं.

वायरमन_भुसावळ
भोक पाडा कोण म्हणालं? आत चार स्क्रू आधीच आहेत.

तापीकाठ
भांडण नंतर. अण्णा, ओढ का नाही हे अजून कुणी विचारलंच नाही. आतल्या कापडी पिशवीची अवस्था काय? आणि साफ काय करत होता?

अमळनेरचा_अण्णा
पिशवी फाटकी होती, काढून टाकली. तशीच चालवत होतो. साफ काय करणार, घरच. आमचं धाब्याचं, मातीच्या छताचं घर, वरून माती झडते, फडताळात, खाटेखाली सगळीकडे तीच. भराभर ओढली त्याने.

वायरमन_भुसावळ
घ्या! हे पहिल्या ओळीत हवं होतं. या घडणीत नळीतून आलेली हवा पिशवीतून गाळून पुढे मोटरमधून जाते आणि मागून बाहेर पडते. तीच हवा मोटरला थंड ठेवते. पिशवी नाही म्हणजे धाब्याची सगळी माती सरळ आर्मेचरवर (मोटरच्या फिरत्या भागावर), बेअरिंगमध्ये, कार्बनच्या घरात. पिशवी गच्च भरली तरी वाईटच, हवा अडते आणि मोटर तापते. आता मोटर उघडा, कोरड्या ब्रशने सगळी माती काढा. कम्युटेटरच्या पट्ट्यांमधल्या खाचा बांबूच्या काडीने मोकळ्या करा. त्यात कार्बनची पूड आणि माती भरली की ठिणगी गोल फिरते.

गॅरेजवाला_पारोळा
बेअरिंगमध्ये भरपूर इंजिन ऑइल सोडा, पळेल.

वायरमन_भुसावळ
भरपूर नको! तेल उडून कम्युटेटरवर गेलं की पुन्हा चिकट थर. बेअरिंग साध्या बुशचं असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब.

अमळनेरचा_अण्णा
करतो. तसं पत्र्याला हात लावला की थोड्या झिणझिण्या येतात, पण जुन्या मशिनीचं ते चालायचंच.

तापीकाठ
अहो!!

गिरणाकाठ
भो, सांगेल व्हतं ना, पहिले प्लग काढ.

वायरमन_भुसावळ
अण्णा, आता मात्र गंमत नाही. फरशी ओली असती तर हा धागा तुम्ही लिहिला नसता. कार्बनच्या पुडीतून पत्र्यावर करंट येत असणार किंवा वायर कुठेतरी टेकतेय. साफसफाईनंतर रिवाइंडिंगवाल्याकडे मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी तपासून घ्या, ५०० व्होल्टवर निदान १ मेगाओम यायला हवा. कमी आला तर आर्मेचर उन्हात वाळवून परत बघा. पहिल्यांदा लावताना सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब घ्या. बल्ब पूर्ण पेटला आणि मोटर हललीच नाही तर बंद करा.

शिवणकाम_नंदुरबार
पिशवीसाठी मांजरपाट घेऊ नका. वीण विरळ असते, धाब्याची बारीक माती आरपार जाईल. दाट विणीचं ड्रिलचं कापड घ्या, दोन पदरी, शिवण आतून दुहेरी. आधी धुवून घ्या, म्हणजे खळ जाते आणि हवा नीट पास होते. जुन्या पिशवीचं तोंडाचं कडं ठेवलंय ना? तेच नव्या कापडाला शिवा.

अमळनेरचा_अण्णा
कडं आहे, खुंटीला टांगलंय. कापडाचं माप मात्र पिशवीबरोबरच गेलं.

शिवणकाम_नंदुरबार
नळकांड्यापेक्षा दोन बोटं आखूड ठेवा. मागे टेकली तर हवा अडेल.

जळगावकर_परदेशी
विषयांतर होतंय, पण आता भरताची वांगी आली असतील ना बाजारात? इकडे मिळत नाहीत हो.

गिरणाकाठ
उनी ना भो. काल शेतातच भरीत पार्टी झायी.

अमळनेरचा_अण्णा
अपडेट. मोटर उघडली, वाटीभर माती निघाली. बारीक लाल. मेगरवर १ च्या बराच वर आकडा आला, झिणझिण्या वायरीच्या तोंडाशी होत्या, तिथलं रबर गेलेलं. तीन कोअर लावली, जुनी वायर डब्यात ठेवली (सोनं साहेब, शांत व्हा). मापाचे कार्बन जळगावला मिळाले. ठिणगी आता बारीक निळी, कार्बनच्या टोकापुरती. पिशवी उद्या शिवून मिळेल. मिस्त्री अजून म्हणतोय नवा घ्या.

जुनं_ते_सोनं
विकायचा झाला तर आधी मला विचारा. वायरीसकट.

सुनंदा_धुळे
वायरमन भाऊ, आमचा रोबो खाटेखाली जाऊन थांबतो आणि लाल दिवा लावतो. त्यालाही कार्बन असतो का?